आयर्लंडचे स्मृतिग्रंथ आणि त्यांचे आधुनिक भाष्यकार

आयर्लंड हे नाव मराठी वाचकास परके नाही. पार्नेल, होमरूल, सिन फेन, डी व्हॅलेरा ही नावे स्वराज्याच्या चळवळीत आपल्याकडे घरोघर पोहोचली होती. आणि १९१२ साली इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणारा येट्स ठाऊक नाही, असा साहित्यभक्त विरळाच. परंतु ह्या देशापाशी स्वतःचे एक प्राचीन धर्मशास्त्र होते, ते सातव्या-आठव्या शतकात ग्रंथनिविष्ट झाले आणि सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तेथील न्यायशास्त्र्यांस ब्रेहन म्हणत. त्यांवरून त्या शास्त्रास ब्रेहन कायदा हे नाव पडले. गेल्या दीडशे वर्षांत ह्या विषयावर जे ग्रंथ झाले, त्यांपैकी काहींचा येथे एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. तसे करण्यास कारण असे की, ह्या ग्रंथांच्या पानोपानी हिंदू धर्मशास्त्राचे नाव येते. ते वाचून हिंदू वाचकास संतोष होणे साहजिक आहे. तो संतोष कितपत साधार आहे, हे पाहिले पाहिजे.

प्रथम मूळ ग्रंथांविषयी. त्यांतील मुख्य संग्रह ‘शेनखस मार’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याखेरीज इतर स्वतंत्र प्रकरणग्रंथही पुष्कळ आहेत. आज उपलब्ध असलेल्या हस्तलिखित पोथ्या बहुतेक चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील आहेत. पोथीत मूळ वचन मोठ्या अक्षरांत, त्याच्या ओळींमध्ये बारीक अक्षरांत शब्दार्थ, आणि समासात विस्तृत टीका, अशी मांडणी असते. मूळ भाषा इतकी जुनी की, टीकाकारास ती पुष्कळदा नीट कळलेली नसते. मग तो व्युत्पत्तीच्या बळावर वाटेल तो अर्थ काढतो. विज्ञानेश्वर आणि नीळकंठ ज्यांनी चाळले आहेत, त्यांस हे चित्र ओळखीचे वाटेल. ही विद्या काही ठराविक घराण्यांत चाले. मॅकईगन हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कुळ. क्लेअर परगण्यातील बरेन ह्या खडकाळ मुलखात ओ’डेव्होरेन घराण्याची पाठशाळा होती, आणि १५६० नंतरच्या दशकात तेथे लिहिलेली एक मोठी पोथी आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. तीत नकल करणाऱ्या विद्यार्थ्यांनी समासात आपली गाऱ्हाणीही लिहून ठेवली आहेत. धर्मशास्त्राची पोथी उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्याचे मन सर्व देशांत सारखेच भटकत असावे.

ह्या ग्रंथांचा विषय काय, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ‘बेखब्रेथा’ म्हणजे मधमाश्यांविषयीचे निवाडे. एकाने पोळी बाळगावी आणि त्याच्या माश्यांनी शेजाऱ्याच्या फुलांतून मध आणावा, हा शेजाऱ्याच्या जमिनीत झालेला शिरकाव नव्हे काय? शास्त्रकार म्हणतो, होय; मात्र माशीला दावे बांधता येत नाही. म्हणून पोळीवाल्यास काही वर्षांची सूट, आणि नंतर नव्या थव्यांतून शेजाऱ्यांस क्रमाने वाटा. ह्याच ग्रंथात काँगल नावाच्या राजाची कथा येते. मधमाशी डसून त्याचा एक डोळा गेला, आणि राजा अव्यंग असला पाहिजे ह्या नियमामुळे ताराचे राज्यपद त्यास सोडावे लागले. वाचकास येथे धृतराष्ट्राची आठवण होईल. होऊ द्यावी, परंतु तिजवर लगेच इमारत उभारू नये. दुसरा ग्रंथ पाणचक्कीच्या पाटासंबंधी आहे. चक्कीसाठी पाट न्यावयाचा तर वाटेतील जमीनवाल्यास तो अडविता येत नाही; परंतु त्याला मोबदला, किंवा पाळीपाळीने चक्की वापरण्याचे दिवस, मिळाले पाहिजेत. कुळागराच्या पाण्याच्या पाळ्यांवरून ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, त्या आमच्या कोकणी वाचकांस ह्या शास्त्रकाराचे व्यवहारज्ञान अधिक सांगावयास नको.

हे शास्त्र संपले ते रणांगणावर नव्हे. ते न्यायालयात संपविण्यात आले. सर जॉन डेव्हीस ह्या इंग्रज सरकारी वकिलाच्या अमदानीत, १६०६ साली भाऊबंदांत जमीन वाटण्याची आयरिश रूढी, आणि १६०८ साली कुळातून निवडलेला वारस गादीवर बसविण्याची रूढी, न्यायालयाने अवैध ठरविली. १६१५ साली डेव्हीसने हे निवाडे छापले. ते वाचताना वकिलाच्या मनात आदर आणि चीड एकदमच उत्पन्न होतात. रूढी प्राचीन असावी, निश्चित असावी, सलग असावी आणि वाजवी असावी, ह्या इंग्रजी कायद्यातल्याच कसोट्या. त्या आयरिश रूढीला लावल्या, आणि ती वाजवी नाही असे ठरले. वाजवी कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न त्या न्यायालयात विचारणारा कोणी नव्हता. गोव्याच्या वाचकांस येथे १५२६ सालच्या आफोंस मेशियाच्या सनदेची आठवण करून द्यावीशी वाटते. तीत पोर्तुगीजांनी गांवकरीच्या रूढी लिहून घेतल्या. हेतू महसुलाचा होता, उदारपणाचा नव्हता; तरीही लिहिलेली रूढी पुढे दाखविता आली.

१८५२ साली सरकारने ह्या पोथ्या प्रसिद्ध करण्यासाठी एक मंडळ नेमले. जॉन ओ’डोनोव्हन आणि यूजीन ओ’करी हे दोघे मोठे पंडित नकला आणि भाषांतरे करू लागले; परंतु ओ’डोनोव्हन १८६१ साली आणि ओ’करी १८६२ साली निवर्तला, आणि पहिला खंड निघाला १८६५ साली. ज्यांनी भाषांतर केले त्यांनी ते तपासले नाही, आणि ज्यांनी तपासले त्यांस ती भाषा तितकी येत नव्हती. १९०१ पर्यंत सहा खंड पुरे झाले. ह्याच भाषांतरांवर भिस्त ठेवून सर हेन्री मेन ह्याने १८७५ साली प्राचीन संस्थांच्या इतिहासावरील आपली व्याख्याने छापली. १८६२ ते १८६९ पर्यंत तो हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री होता. त्यास मूळ आयरिश येत नव्हते, आणि संस्कृतही येत नव्हते. अशा स्थितीत त्याने दोन्ही शास्त्रांची तुलना केली, आणि ती इतकी चटकदार झाली की पुढील शंभर वर्षे सर्वजण तिचाच अनुवाद करीत राहिले.

ह्या तुलनेचे मध्यवर्ती उदाहरण म्हणजे धरणे. आयरिश शास्त्रात ‘त्रोस्कद’ नावाचा एक विधी आहे. सामान्य ऋणकोवर नोटीस देऊन गुरांची जप्ती करता येई. परंतु ऋणको राजा, धर्मगुरू, कवी अशा ‘नेमेद’ म्हणजे प्रतिष्ठित वर्गातला असेल, तर जप्तीपूर्वी धनकोने त्याच्या दाराशी उपवास केला पाहिजे. आपल्याकडे मनूने कर्ज वसूल करण्याचे जे पाच उपाय सांगितले, त्यांत ‘आचरित’ हा एक आहे, आणि कुल्लूकाने त्याच्या स्पष्टीकरणात द्वारोपवेशनाचा उल्लेख केला आहे. धरणे हा शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यातला. इंग्रजी राज्याने १८६० च्या दंडसंहितेत ५०८ व्या कलमाखाली ह्या आचाराला गुन्ह्याच्या उदाहरणात जागा दिली, आणि ती संहिता २०२४ च्या जूनअखेरपर्यंत चालली.

साम्य आहे, आणि ते विलक्षण आहे, हे कोण नाकारील? परंतु फर्गस केली ह्याच्या १९८८ सालच्या ‘प्रारंभीच्या आयरिश कायद्याची मार्गदर्शिका’ ह्या ग्रंथात ह्या विधीचे जे तपशील आहेत, ते मेनच्या वाचकास ठाऊक नसतात. उपवास चालू असता ऋणकोने जामीन किंवा तारण न देता जेवण केले, तर त्याला दुप्पट रक्कम द्यावी लागे. उलट, योग्य जामीन देऊ केल्यावरही धनकोने उपवास पुढे रेटला, तर त्याचा मूळ हक्कच बुडे. म्हणजे हा उपवास दोन्ही पक्षांस बांधणारा, वेळ आणि परिणाम ठरलेला, न्यायप्रक्रियेचा पहिला टप्पा होता. आपल्याकडील धरण्याची शक्ती निराळी: दाराशी बसलेला ब्राह्मण मेला तर ब्रह्महत्येचे पातक लागेल, ही भीती. एक विधी जामिनाकडे नेतो, दुसरा पातकाकडे. वकिलाच्या दृष्टीने हा फरक साम्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि साम्यावर लुब्ध झालेल्या ग्रंथांत तोच नेमका गळतो.

मेनच्या काळी ह्या दोन्ही शास्त्रांची खरी पात्रता असलेला एक मनुष्य हिंदुस्थानातच होता, आणि तोही वकील. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा, जन्म १८३० चा. १८६२ साली तो मद्रासेस आला. १८६५ साली तेथे त्याने हिंदू कायद्याच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे एकत्र छापली, आणि त्यांत दायभाग व मिताक्षरा ह्यांच्या जोडीने आमच्या नीळकंठ भट्टांचा व्यवहारमयूखही होता. १८७७ ते १८८२ तो कायदेमंत्री झाला. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, ज्यावर आजही आमचे पोट चालते, तो त्याच्याच कारकीर्दीतला. आणि हाच गृहस्थ कचेरी सुटल्यावर जुन्या आयरिश पोथ्या संपादीत असे. ओ’डोनोव्हनने भाषांतरिलेला कॉर्मकचा आयरिश कोश त्याने १८६८ साली छापला तो कलकत्त्यास! त्याच्याविषयी एलिझाबेथ बॉइल आणि पॉल रसेल ह्यांनी संपादिलेला लेखसंग्रह २०११ साली डब्लिनहून निघाला आहे. आयरिश पंडित, हिंदुस्थानचा विधिकार आणि भाषाशास्त्रज्ञ, अशी त्याची तीन रूपे त्यात पाहावयास मिळतात. स्टोक्सने मेनसारखी सिद्धान्तांची इमारत बांधली नाही. त्याऐवजी, प्राचीन कायद्यांच्या सरकारी आवृत्तीला जोडलेल्या कोशातील चुका त्याने १९०३ साली एकेक शब्द धरून दाखविल्या. असे काम करणाऱ्याचे नाव व्याख्यानांत येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत तुलनेचा झेंडा माइल्स डिलन ह्याने उचलला. डिलन संस्कृत जाणणारा, प्रेमळ आणि व्यासंगी पंडित. १९७२ साली तो वारला. त्याचा ‘केल्ट आणि आर्य’ हा ग्रंथ १९७५ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला. आर्य समूहाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांस जुने आचार टिकून राहिले, मध्ये ते लोपले, ही त्याची मुख्य प्रतिज्ञा. सत्यक्रिया, राजाच्या सत्याने पिकणारी भूमी, कवीचा मान, धरणे, विवाहाचे प्रकार, अशी साम्यांची माळ त्याने गुंफली आहे. ग्रंथ वाचनीय आहे. भारतीय वाचकाने तो अवश्य वाचावा, परंतु हातात पेन्सिल धरून वाचावा.

विवाहाचेच उदाहरण घेऊ. स्मृतींत आठ विवाह, आयरिश ‘काइन लानम्ना’ ह्या ग्रंथात नऊ-दहा संबंध. दोन्हीकडे अखेरीस अपहरण, चोरटा संग, बलात्कार ह्यांची नोंद. साम्य डोळ्यांत भरते. पण वर्गीकरणाचे तत्त्व कोणते? आपल्याकडे पहिले प्रकार कन्यादान कोणत्या रीतीने झाले ह्यावरून ठरतात. आयरिश शास्त्रकार विचारतो तो प्रश्न सावकाराचा आहे: संसारात मालमत्ता कोणी आणली? दोघांनी आणली तर एक प्रकार, पुरुषाने आणली तर दुसरा, स्त्रीने आणली तर तिसरा. आणि त्यावरून करार मोडण्याचा अधिकार कोणाला व विभक्त होताना वाटा किती, हे ठरते. स्त्रीच्या मालमत्तेवर पुरुष येऊन राहिला तर घरात तिचा शब्द वरचढ. ह्यात आपल्या आठ विवाहांचा गंधही नाही. रूडॉल्फ थुर्नआयसेन ह्या स्विस पंडिताने १९२९ साली डब्लिनमध्ये वर्ग घेतला, त्यातून १९३६ साली स्त्रियांच्या अधिकारांवरील जो निबंधसंग्रह निघाला, त्यात हे सर्व स्पष्ट मांडलेले होते. डिलनच्या हाती ते साहित्य होते. साम्याच्या ओघात त्याने त्याचा पुरता उपयोग केला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

डिलनच्या ग्रंथानंतर दहा वर्षांच्या आतच वारे फिरले. १९८४ साली ओ कोराइन, ब्रॅनख आणि ब्रीन ह्या तिघांनी असे दाखविले की, हे कायदे मुखपरंपरेने आलेले शुद्ध प्राचीन धन नसून त्यांच्या घडणीत ख्रिस्ती मठांतील विद्वानांचा मोठा हात आहे. एका महत्त्वाच्या ग्रंथाचा काही भाग तर लॅटिन धर्मनियमांचे सरळ भाषांतर आहे. १९९० साली किम मॅकोन ह्याने आपल्या ग्रंथात हाच पक्ष सर्व प्राचीन आयरिश वाङ्मयास लावला. त्याची लेखणी तिखट आहे, आणि पूर्वसूरींस तो दयामाया दाखवीत नाही. स्वतंत्र आयर्लंडने जो वारसा इंग्रजपूर्व, रोमपूर्व, केवळ आपला म्हणून जपला होता, त्याचे लेखक लॅटिन शिकलेले साधू निघावेत, ही गोष्ट सोपी नव्हती. ती तेथील विद्यापीठांनी स्वतःच सांगितली, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

तथापि मॅकोनच्या पक्षातही एक दोष आहे. मसुदा कोणी लिहिला आणि कायदा कोणाचा, हे दोन प्रश्न तो पुष्कळदा एकच समजतो. स्टोक्सच्या वेळचा १८८२ चा कायदाच घ्या. त्याची भाषा इंग्रजी, त्याची रचना इंग्रजी. परंतु ५८ व्या कलमात शर्तीच्या विक्रीचे गहाण, ज्यास आमच्याकडे गहाण-लहाण म्हणत, आणि ताबेगहाण, हे दोन्ही देशी व्यवहारच आहेत. डब्लिनच्या मनुष्याच्या कारकीर्दीत ते लिहिले गेले म्हणून ते डब्लिनचे झाले नाहीत. त्याचप्रमाणे मठातील लेखकाने त्रोस्कदाचे नियम लिहिले, म्हणून दाराशी उपाशी बसणारा धनको लॅटिन पुस्तकातून बाहेर पडला असे होत नाही. प्रत्येक नियमाचा स्वतंत्र तपास केला पाहिजे. घाऊक निकाल ह्या प्रकरणात चालणार नाही.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असे कोणास वाटल्यास, त्याने मेरी कोट्सोनूरिस हिचा १९९४ सालचा डॉइल न्यायालयांवरील ग्रंथ पाहावा. १९२० साली आयरिश क्रांतिकारकांनी इंग्रजी न्यायालयांवर बहिष्कार घालून स्वतःची न्यायालये उभारली. त्यांच्या नियमांत असे होते की, वकिलाने प्राचीन आयरिश कायद्यांचा आधार द्यावा, रोमन कायद्याचा द्यावा, नेपोलियनच्या संहितेचा द्यावा; मात्र ब्रिटनमध्ये छापलेले कायद्याचे पाठ्यपुस्तक काढू नये. नियम स्फूर्तिदायक होता. परंतु प्रत्यक्षात १९१९ च्या जानेवारीत जो कायदा प्रचलित होता, म्हणजे इंग्रजी, तोच चालू ठेवावा लागला. दुसरे काय करणार? आपल्या स्मृतींचा विश्वसनीय पाठच त्या देशापाशी नव्हता. सहा सरकारी खंड, तेही सदोष, आणि वाचू शकणारे पंडित बोटांवर मोजण्याइतके.

ह्याच्या उलट एक खटला सांगतो. डोनेगालमध्ये अर्न नदीच्या मुखाशी साल्मन मासा धरण्याचा एकाधिकार एका कंपनीकडे होता, आणि किल्डोनी गावच्या कोळ्यांस तेथे जाळे टाकण्याची बंदी होती. भरती-ओहोटीच्या पाण्यात असा एकाधिकार इंग्रजी कायद्याप्रमाणे मॅग्ना कार्टाच्या पूर्वीचा असेल तरच वैध. पण त्या काळी डोनेगालमध्ये इंग्रजी कायदा नव्हताच; तेव्हा ब्रेहन कायद्यात अशा पाण्यावर खाजगी हक्क होता काय, हा प्रश्न स्वतंत्र आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जाणकारांच्या साक्षी झाल्या, जुनी वचने तपासली गेली, आणि कोळी जिंकले. निवाडा १९३४ च्या निकालपत्रिकेत छापलेला आहे. स्वतःचाच जुना कायदा परक्या देशाच्या कायद्याप्रमाणे साक्षीदार बोलावून सिद्ध करावा लागला, ही त्यातली विटंबना. आणि तरी तो सिद्ध करता आला, हे त्या पोथ्या वाचणाऱ्यांचे श्रेय. अभिमानाची भाषणे किल्डोनीच्या कोळ्यांस एकही मासा मिळवून देती ना.

म्हणूनच ह्या सर्व ग्रंथांत आमचे मत डॅनियल बिन्ची ह्याच्या बाजूने पडते. १९२९ ते १९३२ तो जर्मनीत आपल्या देशाचा वकील होता. पुढील सारे आयुष्य त्याने ह्या पोथ्यांत घातले. १९७८ साली, वयाच्या एकोणऐंशीच्या सुमारास, त्याने ‘कॉर्पस यूरिस हिबेर्निकि’ ह्या नावाने सर्व कायदेग्रंथांचा मूळ पाठ सहा खंडांत, तेवीसशेंवर पृष्ठांत छापला. मठवाल्या पक्षाशी त्याचे पटले नाही, आणि काही बाबतींत तो पक्षच बरोबर होता. पण त्या पक्षाची उत्तरकालीन मांडणी बिन्चीने छापलेल्या पानांवर उभी आहे. विरोधकाच्या हाती आपणच शुद्ध पुरावा द्यावा, ही वृत्ती न्यायालयातही क्वचितच दिसते.

ग्रंथात उणिवा आहेत. भाषांतर एका ओळीचेही नाही, आणि तयारीवाचून आत शिरणाऱ्याची वाट हमखास चुकते. २००५ साली लीअम ब्रॅनखने स्वतंत्र सोबतग्रंथ लिहिला तेव्हा कुठे त्या अरण्यात पाऊलवाटा पडल्या. रॉबिन चॅपमन स्टेसी हिचा २००७ सालचा ग्रंथ निवाड्याच्या वेळच्या वाणीकडे, लयबद्ध आणि गूढ शब्दांत निकाल सांगण्याच्या कलेकडे, पाहतो. विषय रम्य आहे आणि कल्पकतेने मांडला आहे. पण न्यायाधीशाच्या वाणीची मोहिनी दाखविताना वादी-प्रतिवाद्याच्या पदरात काय पडले, हे मध्येच दिसेनासे होते.

नव्या वाचकाने प्रथम केलीची मार्गदर्शिका घ्यावी. भाषा साधी, प्रत्येक विधानाखाली आधार, आणि जेथे अर्थ संशयित तेथे लेखक ‘संशयित’ असे लिहितो. त्यानंतर त्याचाच १९९७ चा प्राचीन आयरिश शेतीवरील ग्रंथ. त्यात गाई, कुंपणे, फळझाडे, रोगराई, औते सर्व आहे, आणि शेती ज्यांनी केली त्यांस तो अधिकच आवडेल. मेन वाचावयाचा असल्यास शेवटी वाचावा. डिलनचा ग्रंथ सिमल्याचा असल्यामुळे आपल्याकडील मोठ्या ग्रंथालयांत शोधण्यास हरकत नाही. ज्यांस मिताक्षरेतील चार पिढ्यांच्या सहदायादीची माहिती आहे, त्यांनी आयरिश ‘देर्बफिने’, म्हणजे एका पणज्याच्या वंशजांचा गट, हे प्रकरण दोन्ही लेखकांत ताडून पाहावे. डिलनला चार पिढ्यांत आर्यांचे मूळ दिसते. केली सांगतो की, आठव्या शतकाच्या सुमारास हा गट मागे पडून तीन पिढ्यांचा लहान गट पुढे येत होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्यास अडचण नाही.